रोटाचे गहू आणि गच्चीवरचे जीव

अन्नसाखळी शिकवायला घेतली की दरवर्षी मुलं एकच चूक करतात. बाण उलटा काढतात. मांजराने उंदीर खाल्ला, म्हणून मांजराकडून उंदराकडे बाण. मी सांगते, अरे बाबांनो, कोण कोणाच्या अंगावर धावलं ते दाखवायचं नाहीये. ऊर्जा कुठून कुठे गेली ते दाखवायचंय. उंदराच्या अंगातली ऊर्जा मांजरात गेली, म्हणून बाणाचं टोक मांजराकडे. आणि तो बाण परत फिरत नाही. माती, पाणी, हवा फिरून फिरून परत येतात. ऊर्जा एकदा पुढे गेली की गेली. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा उलटाच बाण काढतात. मग मी चिडते, तास संपतो, आणि फळा पुसून मी घरी येते.

घरी म्हणजे माहेरी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. वडील खानदेशातून सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आले, डिंडोलीत खाडीपासून थोड्या अंतरावर खाली दोन खोल्या आणि वर गच्चीला लागून एक खोली एवढं घर त्यांनी बांधलं आणि गेले. आता तिथे आई, भाऊ, वहिनी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी राहतात. भाऊ भेस्तानला लूमवर आहे. माझं सासर कडोदऱ्याला. सासूला माझी नोकरी नको होती, नवऱ्याला आईशी बोलायची हिंमत नव्हती, आणि माझ्या जिभेला हाड नाही. एकदा भांडण विकोपाला गेलं आणि मी आठ दिवसांसाठी म्हणून आईकडे आले. आमच्यात सासरचं माणूस घ्यायला येतं, मग मुलगी जाते. कोणी आलं नाही. मीही आपण होऊन गेले नाही. आठ दिवसांचं दीड वर्ष झालं.

दीड वर्षं मी मागच्या खोलीत झोपले. तिच्या खिडकीतून हात काढला तर शेजारच्या गोदामाची भिंत लागते. गोदामात साड्यांचे खोके असतात, माणसं नसतात. आई मला कधी टोचून बोलली नाही, हे खरं. पण कोणी पाहुणं आलं आणि विचारलं, की ती म्हणायची, "आठ रोजकर्ता एयेल शे." आठ दिवसांसाठी आली आहे. दीड वर्षं माझे आठ दिवसच चालू होते.

त्या वर्षी श्रावणात कानबाईचे रोट आमच्या घरी होते. खानदेशी माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. घरातल्या, भाऊबंदांतल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, निवडायचे, त्यांचं दळण करायचं आणि त्याचे रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, पाव्हण्याला द्यायचे नाहीत. आमच्या घरात लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही चालत नाहीत. लग्न होईपर्यंत मी ते रोट पोटभर खाल्ले, अक्षता पडल्या त्या वर्षापासून बंद. लहानपणी याचं काही वाटलं नाही, कारण लहानपणी मुलीला वाटतं की लग्न दुसऱ्यांचं होतं.

भाऊबंद बरेच, त्यामुळे गव्हाचा डबा चांगला मोठा भरला होता. निवडलेले गहू, सोबत रोटाचा गूळ, सगळं स्वच्छ फडक्यात बांधून आईने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं होतं. रविवारला पाच दिवस होते. तीन दिवसांपासून पाऊस पडत होता आणि खाडी भरून चालली होती.

सकाळी सातच्या सुमारास गल्लीत पाणी शिरलं. पाणी कसलं, रंगाच्या कारखान्यांचा जांभळट काला, त्यावर खाडीतली जलपर्णी आणि चिंध्या. आधीही दोनदा शिरलं होतं, घोट्याइतकं. या वेळी ते थांबेना. भाऊ ओरडला, "माय, पानी उंबरामा उनं! काय काय लेवानं ते वर ले!"

आता शहाण्या घरात काय झालं असतं? पीठ, तांदूळ, तेल वर गेलं असतं. आमच्या घरात आई फळीपुढे आडवी उभी राहिली. "पहिले कानबाईना गहू. घाण पानी लागनं ते सगळा भाऊबंदस्ले काय तोंड दाखाडू?" वहिनी डबा उचलायला गेली, तर आई म्हणाली, "पारोसा हात नही चालस. पहिले आंग धुय." आणि माझ्या वहिनीने, उंबऱ्यातून पाणी आत येत असताना, मोरीत जाऊन आंघोळ केली. मग ओल्या केसांनी डबा डोक्यावर घेऊन जिना चढली. भावाने आंघोळ केली आणि गूळ, कानबाई म्हणून पुजायचा नारळ, देवीचा पाट वर नेला. मी मधे कडमडू नये म्हणून मला अंथरुणं आणि कागदपत्रांची पेटी न्यायला सांगितलं, कारण त्या डब्याला हात लावायची मला मनाईच होती. भावाने शेवटी गॅसची टाकी आणि शेगडी खांद्यावर घेतली. तोवर पाणी ओट्याला लागलं होतं.

गच्चीवरच्या खोलीत सगळे धापा टाकत बसलो. वहिनी म्हणाली, "पीठना डबा कोनी आना?" भावाने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे, वहिनीने आईकडे. आई नारळावरचं पाणी पुसत होती. जिन्यातून वाकून पाहिलं तर पिठाचा डबा उघड्या झाकणाने स्वयंपाकघरात तरंगत होता आणि तांदळाची गोणी दिसत नव्हती. मला इतका संताप आला की मी हसले. आई म्हणाली, "हससी काय?"

वर आमच्याजवळ होतं ते असं: भाचीच्या दप्तरातला बिस्किटांचा एक पुडा, चहा-साखर, आणि डबाभर गहू नि त्यांचा गूळ, जे घरात मला एकटीलाच चालत नव्हतं. पाण्याची ददात नव्हती, गच्चीवर टाकी होती. त्या दिवशी बिस्किटांवर निघालं. वहिनीने गुपचूप माझ्या हातात चार जास्त दिली. वहिनीचं आणि माझं एरवी फारसं जमत नाही, पण ती चार बिस्किटं मी विसरणार नाही.

त्या गच्चीवर आम्ही एकटे नव्हतो. पाणी चढू लागलं तसे खालचे सगळे वर आले. आधी मुंग्या, भिंतीवरून ओळीने, तोंडात पांढरी अंडी घेऊन. मग झुरळं. मग एक घूस, भिजून अर्धी झालेली, कठड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. गल्लीतली पिवळी मांजर गोदामाच्या पत्र्यावरून उडी मारून आली आणि टाकीखाली बसली. घूस आणि मांजर यांच्यात दहा पावलांचं अंतर होतं, पण दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणदिवड होती. बिनविषारी असते हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि स्वतः त्या जिन्याकडे पुन्हा गेले नाही. कठड्यावर कावळे येऊन बसत, काही मिळत नाही म्हणून आमच्यावरच ओरडत आणि जात. भीतीने सगळ्यांची भूक मारली होती. मी तो पहिला दिवस एखाद्या शाळेच्या सहलीला आल्यासारखी भाचीला एकेक जीव दाखवत काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज नव्हती, फोन बंद पडले होते, आणि पाणी जिन्याच्या निम्म्यावर येऊन थांबलं होतं. उतरत नव्हतं. एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूचं कुटुंब गावाला गेलेलं, दाराला कुलूप. समोरच्या गच्चीवरून एका काकांनी शेवेचा पुडा आमच्याकडे भिरकावला, तो मधेच पाण्यात पडला. दूर मोठ्या रस्त्यावरून होडी जाताना दिसली. आम्ही चादरी हलवल्या, पण गल्लीत विजेची तार लोंबत होती, होडी आत आली नाही. भाची रडायला लागली.

आई बराच वेळ नारळासमोर बसून होती. मग उठली, पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं आणि म्हणाली की कानबाई आज इथेच बसेल. दळायला गिरणी नव्हती म्हणून तिने थोडे गहू गरम पाण्यात भिजवून घुगऱ्या शिजवल्या, गूळ घातला, आधी देवीपुढे ठेवला, मग भावाला, वहिनीला, नातीला वाढलं, स्वतः थोडं घेतलं. आई रूढीच्या बाबतीत फार कडक आहे, पण तिने देवीला चार दिवस आधी बोलावून घेतलं, ते पोरीच्या रडण्यासाठी. मला वाटलं, आता पाचवी ताटली येईल. नाही आली.

"तुले नही चालस, बेटा," ती हळूच म्हणाली. "तू आते त्या घरनी. त्यास्ना घरवर काही वंगाळ व्हयनं ते मना माथावर."

म्हणजे मी सासरचे रोट खाणार नव्हते, कारण तिथे मला कोणी बोलावत नव्हतं. आणि माहेरचे खाणार नव्हते, कारण मी सासरची होते. इतकं स्वच्छ मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी गच्चीवर जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसले. भाची मागे आली. आत्याला ती फुई म्हणते, आणि बोलते शाळेतल्यासारखं, अर्धं गुजराती. "फुई, तमे केम नथी खाता?" तुम्ही का खात नाही. मी म्हटलं, माझा उपास आहे. ती म्हणाली, कसला? मी तिला कठड्यावरचा कावळा दाखवला.

दुपारी मी खोलीत गेले तर घुगऱ्यांच्या पातेल्याला मुंग्या लागल्या होत्या. एकेक दाणा चौघी-पाचजणी ओढत नेत होत्या. आई बघत बसली होती, झटकत नव्हती. माझं डोकं फिरलं.

"मुंग्यास्ले चालस का?"

आईने मान वर केली. "मुंग्यास्नं लगन नही व्हयेल."

वहिनीला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडात कोंबला. मलाही हसू आलं असतं, पण पोटात नुसती आग होती. मी म्हटलं, तू तरी कुठे या घरची होतीस, तू पण दुसऱ्या घरातूनच आलीस ना? आई म्हणाली, आली ते आलीच ना, परत गेली का? तिच्या हिशेबात मुलगी म्हणजे बाण. एका घरातून दुसऱ्या घराकडे. टोक तिकडे. दरवर्षी फळ्यावर मी स्वतः तेच ठासून सांगत होते, की तो परत फिरत नाही.

त्या दिवसभरात मला एक गोष्ट नीट कळली, जी मी पंधरा वर्षं नुसती पाठ करून शिकवली होती. काहीही केलं नाही तरी शरीर जळत असतं. मी नुसती बसले होते, श्वास घेत होते, अंग गरम ठेवत होते, आणि त्यालाही इंधन लागत होतं. बाहेरून आलं नाही की शरीर स्वतःलाच खायला घेतं, आधी साठवलेलं, मग बाकीचं. संध्याकाळी माझे हात कापायला लागले. चहात साखर जास्त घालून प्यायले, तेही सगळ्यांच्या वाट्यातून. साखर संपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मांजर उठली. दोन दिवस ती टाकीखाली निपचित पडून होती. ती अंग ताणत, सावकाश कठड्याच्या कोपऱ्याकडे गेली. घूस मोठी होती, एरवी तिने मांजरीला दात दाखवले असते, पण तिच्यातही त्राण उरलं नव्हतं. एक किंकाळी, आणि संपलं. भाचीने डोळे झाकले. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या मांजरीचा हेवा वाटला. तिला कोणी विचारलं नव्हतं की तू कोणाच्या घरची.

मी उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भावाने धरलं म्हणून कठड्यावर आपटले नाही. त्याने मला खोलीत आणून भिंतीला टेकवलं आणि पहिल्यांदाच आईवर आवाज चढवला. "माय, आते बस झालं. हाई मरी जाई." आई उठली. ती पातेल्यापाशी गेली, ताटलीत घुगऱ्या घेतल्या, वर गूळ ठेवला आणि ताटली माझ्यासमोर आणली. पण हातातून सोडली नाही.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुले तठे परत जावानं शे का नही?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी रोज मनात भांडत होते, मनात निघून जात होते, मनात नवरा दारात येऊन उभा राहत होता आणि मी बॅग भरत होते. पण जायचं की नाही, हे सरळ विचारलं नव्हतं. आईचे हात माझ्यासारखेच कापत होते. तिनेही या दोन दिवसांत देवीच्या नावाने चार घासच खाल्ले होते, हे मला तेव्हा दिसलं. घुगऱ्यांचा वास येत होता. शिजलेल्या गव्हाला इतका वास असतो, हे मला माहीत नव्हतं.

"नही," मी म्हटलं.

"कानबाईकडे देखी सांग."

मी नारळाकडे बघितलं. "नही जावानं."

"मंग खाय. आते तू आमनी."

तिने ताटली सोडली. मी खाल्लं. बोटांनी, घाईने, गूळ ओठांना लागेपर्यंत, सगळ्यांच्या देखत. वहिनीने पुन्हा वाढलं, तेही खाल्लं. अर्ध्या तासात हातांचं कापणं थांबलं. एवढीशी गोष्ट. कुठल्यातरी शेतात ऊन पडलं, त्यातून गहू झाला, आणि तो माझ्या अंगात येऊन माझे हात धड झाले. मला रडू यायला हवं होतं, आलं ते हलकं वाटणं. मी पाय पसरून झोपले.

दुपारी पाणी उतरायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी गल्ली उघडी झाली. पाणदिवड कुठल्या वेळी गेली कळलं नाही. मांजर पत्र्यावरून निघून गेली. घरात गुडघाभर गाळ होता. दोन दिवस आम्ही तो खराट्याने बाहेर ढकलत होतो. शनिवारी दुपारी वीज आली आणि मी फोन चार्जिंगला लावला. मोठा आवाज करत सगळे निरोप एकदम आले, शाळेचे, मैत्रिणींचे. त्यात एक नवऱ्याचा होता. दुसऱ्या दिवसाचा, आम्ही चादरी हलवत होतो त्या सकाळचा.

"तुमच्याकडे पाणी भरलंय असं ऐकलं. फोन लागत नाही. काळजी वाटते. पाणी उतरलं की घ्यायला येऊ?"

दीड वर्षं मी या एका ओळीची वाट पाहिली होती. आई मागून म्हणाली, "कोना निरोप शे?" मी म्हटलं, शाळेचा.

मी उत्तर दिलं नाही. काय द्यायचं तेच कळेना. गच्चीवर मी जे बोलले ते मी बोलले होते की माझी भूक, हे मी गाळ काढता काढता स्वतःला विचारत राहिले. पोट भरलेलं असताना आईने विचारलं असतं तर? तो निरोप मी बोलायच्या आधी दिसला असता तर? मला खरंच माहीत नव्हतं. रागाने म्हणावं तर राग उरला नव्हता. आणि आईला जाऊन सांगावं, की मी भुकेपोटी बोलले, तर तिने ज्या नारळाकडे बघून मला 'नही' म्हणायला लावलं होतं तो अजून पाटावरच होता.

रविवारी भाऊबंद जमले. उरलेले गहू दळून आणले होते, रोट झाले, पंगत बसली. मी पाणी वाढायला उभी होते, गेल्या वर्षीसारखी. आईने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला पानावर बसवलं. मोठ्या काकांनी भुवया उंचावल्या. "हाई पोर काब्र बठनी?" ही पोर का बसली.

"तिनी कानबाईना समोर खादं," आई म्हणाली. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा होता. "आते ती आठलीच शे. आठ रोजकर्ता नही."

'आठली' म्हणजे इथली. काकूंनी माझ्या पानात रोट वाढला. आई माझ्याकडे बघत होती, आणि तिला इतकं खूश मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी घास तोडला. मांडीवर फोन होता. उजवा हात उष्टा, म्हणून डाव्या हाताच्या अंगठ्याने, खाली न बघता, मी नवऱ्याला 'नको' लिहिलं आणि पाठवून दिलं. मग आईकडे बघून हसले आणि घास तोंडात घातला.